जागा आणि मुदत



खरिपाच्या तोंडावर शेवगाव तालुक्यातील शेतकऱ्यास पीककर्जाच्या प्रकरणासाठी जो कागद हटकून लागतो तो म्हणजे सातबाऱ्याचा उतारा; आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागल्याने त्यासाठी तलाठ्याच्या दारी खेपा घालण्याचे कारणही बरेचसे उरलेले नाही. परंतु याच तालुक्यात दुसऱ्या जातीचेही कागद आहेत. जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली बसली, 1976 साली त्याचे उद्घाटन झाले, आणि गोदाकाठची पुष्कळ जमीन नाथसागराच्या फुगवट्याखाली गेली. त्या भूसंपादनाचे निवाडे, मोजणीचे नकाशे, मोबदल्याच्या पावत्या वर्षानुवर्षे कोणी मागत नाही. मात्र वारसांत तंटा उभा राहिला, की त्यांच्यावाचून पानही हलत नाही. रोजचा उतारा आणि हा विरळा निवाडा यांना एकाच फडताळात, एकाच खर्चाने जपावे काय, हा प्रश्न जितका कचेरीचा आहे तितकाच संगणकाचाही आहे, आणि आजचे माझे निवेदन त्याविषयीच आहे.

कचेरीपुरते या प्रश्नाचे एक नामांकित उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडले. 1980च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना हे तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना त्यांनी कारकुनाच्या दप्तराची जी फेरमांडणी केली ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने सर्वत्र गाजली. तिच्यातील सहा गठ्ठ्यांची पद्धत आजही सरकारी कर्मचाऱ्यांच्या तोंडी आहे : चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे धाडावयाच्या नस्त्या आणि नष्ट करावयाचे कागद. त्याखेरीज प्रत्येक निकाली प्रकरणास मुदतीची इयत्ता असते : ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-1’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. येथे दोन निराळे प्रश्न निराळे ठेवले आहेत, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे : कागद किती वेळा लागतो यावरून त्याची जागा ठरते, आणि तो किती काळ राखला पाहिजे यावरून त्याची मुदत.

आता संगणकाकडे वळू. त्याची स्मृती एकसंध नसून ती पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली असते, आणि वेग व किंमत यांचे वैर हे त्याचे कारण. प्रक्रियकाला अगदी लागून असलेली कॅश एका नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या, आसपास उत्तर देते. मुख्य स्मृतीला, जिला आपण रॅम म्हणतो, सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. आणि चुंबकीय फितीची डबी यंत्राच्या हाताने उचलून, तीवरील हवे ते ठिकाण गाठेपर्यंत मिनिटभरही जाऊ शकते. कॅशचा एक नॅनोसेकंद हा पुरा एक सेकंद मानला, तर त्याच हिशेबाने हार्ड डिस्कचे उत्तर येण्यास जवळजवळ चार महिने लागतील! तरीही सर्व माहिती कॅशमध्ये ठेवणे कोणत्याही खजिन्यास परवडणारे नाही. उलट फीत नुसती पडून असताना विजेचा कणही खात नाही.

सुदैव असे, की माहितीची मागणी सर्वत्र सारखी पसरलेली नसते : जे आत्ता मागितले तेच थोड्या वेळाने पुन्हा मागितले जाण्याचा संभव मोठा असतो. या स्वभावाचा लाभ घेऊन मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘ॲटलस’ या संगणकाने 1962 साली लहान जलद स्मृती आणि मोठा मंद ड्रम यांच्यामधील ने-आण आपल्या अंगावर घेतली. माहितीचे कोणते पान वर ठेवावे आणि कोणते खाली धाडावे याची विवंचना आज्ञावली लिहिणाऱ्यास उरली नाही. पुढे 1987 साली जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी तिजोरीचा हिशेब मांडला, की त्या काळच्या किमती पाहता जी माहिती दर पाच मिनिटांतून एकदा तरी लागते ती मुख्य स्मृतीत ठेवावी, आणि त्याहून विरळ लागणारी डिस्कवर.

परंतु मागणी ओळखावी कशी? सर्वांत सोपा नियम असा, की जागा भरली म्हणजे जे सर्वांत जास्त काळ कोणी मागितलेले नाही ते बाहेर काढावे. यातील वैगुण्य पाहा. वर्षअखेरीस कोणा अंमलदाराने साऱ्या तालुक्याचे उतारे एकवार चाळण्याचा हुकूम केला, तर पुन्हा कधी न लागणारा प्रत्येक उतारा ‘नुकताच मागितलेला’ ठरतो आणि रोजच्या कामाचे उतारे हकनाक हद्दपार होतात. आय.बी.एम.च्या संशोधनशाळेतील निम्रोद मेगिडो आणि मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले धर्मेंद्र मोधा यांनी 2003 साली यावर नामी तोड काढली. त्यांची पद्धती दोन याद्या राखते, एक नुकत्याच एकदा आलेल्यांची व दुसरी पुन्हा पुन्हा येणाऱ्यांची; शिवाय बाहेर घालवलेल्यांची केवळ नावे टिपून ठेवते, आणि घालवलेलेच कोणी फिरून दाराशी आले, की आपला निवाडा कोणत्या यादीबाबत चुकला हे ओळखून त्या यादीस अधिक जागा देते. पूर्वीच्या चुकीवरून पुढचे माप बदलणे, हे तिचे सारे चातुर्य.

मात्र येथेच सावधगिरीची वेळ येते. 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात आणि पुढे राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा दशकानुदशके कोणी न उघडलेली जन्ममृत्यूची, शाळेची आणि महसुलाची दप्तरे अकस्मात निकडीची झाली, आणि त्यांपैकी पुष्कळ कागद मोडी लिपीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कोणतीही मागणी-मोजणी हे भाकीत करू शकली नसती. तेव्हा थंड माहितीस मंद जागा द्यावी, पण हेळसांड करू नये : तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, फिती ठरावीक काळाने वाचून पडताळाव्यात, कारण न वाचलेली नोंद गुपचूप बिघडते, आणि ती ज्या स्वरूपात लिहिली आहे ते वाचणारी यंत्रे कालबाह्य होण्यापूर्वी ती नव्या स्वरूपात उतरवावी, नाहीतर माहिती शाबूत असूनही मोडीसारखी वाचकांस पारखी होते.

म्हणून ज्या पतसंस्थेत, कारखान्यात वा ग्रामपंचायतीत आज दप्तर संगणकावर चढत आहे, तेथील चिटणिसांस माझी एवढीच सूचना, की कोणती नोंद जलद जागी आणि कोणती मंद जागी ठेवावी हे यंत्रास खुशाल ठरवू द्यावे, कारण मागणी मोजण्यात ते आपल्याहून दक्ष आहे. परंतु कोणती नोंद किती वर्षे राखावयाची आणि कोणती केव्हा पुसावयाची, याचा लेखी नियम आपण स्वतः करून त्याखाली जबाबदार माणसाची सही घ्यावी.