पडदा काळा पडण्यापूर्वी

संगणकाचा पडदा काळा झाला की संगणकच बिघडला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः कित्येकदा यंत्र आतून सुस्थितीत चाललेले असते; केवळ त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचत नसते. बालाघाटसारख्या गावी एखाद्या शाळेत मुलांच्या साऱ्या नोंदी एकाच संगणकावर असतात आणि जाणकार मनुष्य गोंदियाहून किंवा नागपूरहून येईपर्यंत काम खोळंबून राहते. अशा वेळी यंत्राला दुसऱ्या वाटेने बोलते करता येते. ती वाट कोणती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. त्या काळी यंत्राशी संभाषण होई ते बहुधा टेलिटाइपवर, म्हणजे तारेने जोडलेल्या टंकयंत्रावर. एकामागून एक अक्षर तारेतून येई व कागदावर उमटे. युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स, फ्रीबीएसडी इत्यादी प्रणाली हा रिवाज अद्याप विसरलेल्या नाहीत. त्यांच्यातील ‘टीटीवाय’ हे नाव टेलिटाइपवरूनच आले. सुरू होताना यंत्र आपले निवेदन जेथे करते, त्या जागेला कन्सोल म्हणतात. तो पडद्यावर असावा की सिरियल तारेवर, हे आपणच ठरवावयाचे असते.

लिनक्समध्ये कर्नलला देण्याच्या ओळीत दोन कन्सोल लिहिता येतात : पडद्यासाठी ‘टीटीवाय०’ आणि पहिल्या सिरियल खिडकीसाठी ‘टीटीवायएस०’. कर्नलचे निवेदन दोन्हीकडे जाते; परंतु ज्याचे नाव शेवटी, तो मुख्य कन्सोल. आपल्या निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांचे नाव आधी असते, येथे शेवटी, एवढे ध्यानात ठेवावे. सिरियलच्या नावापुढे वेग लिहितात, उदाहरणार्थ ११५२००. तारेच्या दोन्ही टोकांना वेग एकच हवा. नाहीतर अक्षरांऐवजी निव्वळ गिचमीड दिसते. तारही उलटसुलट जोडणीची लागते, कारण एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यावयास हवे. ऐकणाऱ्या टोकाला एखादा जुना लॅपटॉप चालतो. त्याला सिरियल खिडकी नसेल, तर यूएसबीचा जोड लावावा.

मात्र एकट्या कर्नलला सांगून भागत नाही. यंत्र सुरू होताना प्रथम ग्रब, मग कर्नल, शेवटी लॉगिन, असे तीन द्वारपाल क्रमाने भेटतात. ग्रबला त्याच्या मांडणीत सिरियल व पडदा ही दोन्ही नावे वेगळी द्यावी लागतात. लॉगिनची व्यवस्था हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये कर्नलचा कन्सोल पाहून आपोआप होते. पूर्वी तीही हाताने करावी लागे. एकाला सांगितले आणि दुसऱ्याला विसरलो, की संभाषण मध्येच तुटते आणि यंत्र अडकले असे वाटते.

बदल करताना घाई करू नये. ग्रबच्या यादीवर ‘ई’ कळ दाबून त्या ओळीत केलेला बदल केवळ त्याच वेळेपुरता टिकतो. चुकला तर यंत्र पुन्हा सुरू करताच पूर्वस्थिती येते. तो यशस्वी झाला, म्हणजे मगच मांडणीच्या फायलीत लिहून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवर उभारलेली असल्यामुळे तेथेही हीच रीत. फ्रीबीएसडीत, जुन्या बायोसवरून सुरू होणाऱ्या यंत्रावर, ‘व्हिडकन्सोल’ व ‘कॉमकन्सोल’ या शब्दांनी लोडरला तीच निवड कळवितात.

पडद्याचे नाव काढून एकट्या सिरियलवर विसंबू नये. तार हाताशी नसेल त्या दिवशी यंत्र मुकेच राहील. दोन्ही दारे उघडी असावीत. आणि हे सारे पडदा धड असतानाच करावे. पडदा गेल्यावर ग्रबची यादी कोठे दिसणार? तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार होय.

म्हणून सुटीच्या एखाद्या दुपारी हा प्रयोग करून पाहावा. वेगाचा आकडा कागदावर लिहून तो व तार यंत्राशेजारच्या कपाटात ठेवावी. कपाटाला कुलूप मात्र असावे. कारण ही तार ज्याच्या हाती येईल, त्याला यंत्र सुरू होतानाची सूत्रेही हाती घेता येतील.