बोलत बोलत पळायचं

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी आमच्या गटातल्या पाचजणी रोज पहाटे पळतोय. अंतर 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट! सरावाचा नियम एकच, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. बोलणं तुटलं की चालायचं.

आमच्यातली एक पहिल्याच किलोमीटरला गप्प व्हायची. घरचे म्हणायचे, आळशीच आहे. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9. बाईचं 12 च्या खाली नसावं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सिस्टरनी बजावलं, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालेल. तीन महिने ती नुसती चालली, आम्हीही तिच्याबरोबर चाललो. गावाला तेवढंच हसायला मिळालं!

आता बचत गटात कुणाचा हप्ता चुकला, तर दंडाआधी आम्ही विचारतो, "काय गं, घरी काय झालंय?" मागच्या महिन्यात एकीची शेळी मेली होती.

आपल्या माणची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली. आम्हाला घाट चढला तरी पुष्कळ.

तुमच्याकडं हंडा आणताना मध्येच टेकणारी कुणी आहे का? तिला उद्याच उपकेंद्रात घेऊन जा. तपासणीला पैसे पडत नाहीत.