मोडलेली गळाची काठी घरीच दुरुस्त करा

(नागपूर येथे मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा-गोंदियाची ओळखच तलावांचे जिल्हे अशी आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, ढिवर बांधवांची जाळी आणि पाळीवर बसून टाकलेला गळ हे आपल्या पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्यांच्या घरी विकतची फायबरची काठीही दिसते. ती एखाद्या हंगामात मोडते आणि गोठ्याच्या आढ्याला खोचली जाते. ती फेकू नका. थोडा वेळ आणि थोडे साहित्य यांत ती पुन्हा कामाची होते.

प्रथम काठी का मोडली ते पाहावे. काठीचे काम वाकण्याचे. माशाचा हिसका साऱ्या काठीवर वाटला गेला म्हणजे दोरीही तुटत नाही व काठीही टिकते. लवचिक भागाला जेथे एकदम कडक भाग लागतो, तेथे बाक थांबतो आणि काठी तेथेच मोडते. म्हणून दुरुस्तीची एकच कसोटी लक्षात ठेवावी : बाक अखंड राहिला पाहिजे.

शेंडा मोडला असल्यास : वीतभर किंवा त्याहून कमी तुकडा गेला असेल तर तडकलेला भाग बारीक कानशीने काठी फिरवत कापून काढावा. कडा घासून त्या जाडीची टोकाची कडी बसवावी. येथे उष्णतेने वितळणारा गोंद वापरावा. पुढे कडी झिजली की किंचित गरम करून ती सहज निघते.

मध्ये मोडली असल्यास : पुष्कळजण आत खिळा किंवा सळई ठोकतात. तसे करू नये, काठी त्याच्या टोकाशी पुन्हा मोडते. पोकळ काठीत घट्ट बसेल अशी भरीव फायबरची कांडी घ्यावी. ती मोडीच्या दोन्ही बाजूंना ५-५ सें.मी. जाईल एवढी लांब असावी व तिची दोन्ही टोके निमुळती करावीत. दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद लावून ती बसवावी. गोंद पूर्ण वाळल्यावर बाहेरून मजबूत नायलॉन दोरा एकाला एक लागून गुंडाळावा आणि त्यावर गोंदाचा पातळ थर द्यावा. फायबर ओले करून घासावे व नाकातोंडावर फडके बांधावे. त्याची धूळ छातीला वाईट.

कड्यांची तपासणी : कापूस आपल्या घरी आहेच. त्याचा पेळू कडीतून ओढून पाहावा. तंतू अडकले तर कडीला कपची उडालेली आहे असे समजावे. अशी कडी दोरी कापते, ती बदलावी. कड्या शेंड्याकडे जवळजवळ व मुठीकडे लांब लांब असाव्यात. आधी त्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावाव्यात, दोरी ओवून काठी वाकवावी. दोरी काठीला टेकत असेल तर त्या ठिकाणी एक कडी वाढवावी. मगच दोऱ्याने पक्क्या बांधाव्यात.

नवी काठी करायची तर आपला मानवेल बांबू उत्तम, कारण तो बहुधा भरीव असतो. तीन वर्षांहून जुनी काठी हिवाळ्यात तोडावी. त्या वेळी तिच्यात पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळे भुंगेरा कमी लागतो. ती सावलीत टांगून वाळवावी. वाकडी असेल तर निखाऱ्यावर धरून, पेरापाशी सावकाश सरळ करावी. दोरीसाठी काठीला भोक पाडू नये, कडी बाहेरून बांधावी. सन २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडता येतो. जंगलातला मात्र परवानगीशिवाय तोडू नये.

साधने कोणती घ्यावीत? दोन-चार काठ्यांसाठी दोरा गुंडाळण्याचे यंत्र घेण्याची गरज नाही. दोन फळ्यांना वर खाच पाडून त्या उभ्या ठोकल्या की काठी ठेवायला घोडी तयार होते. दोऱ्याचे रीळ वाटीत ठेवून दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून काढला की त्याला हवा तेवढा ताण मिळतो. कड्या, दोरा, गोंद, पाते आणि पॉलिश पेपर एवढेच विकत घ्यावे. गोंदाचा थर ओला असताना काठी दर काही मिनिटांनी अर्धा फेरा फिरवावी, नाहीतर गोंद एका बाजूला ओघळतो. गावातल्या दहा-बाराजणांचे काम घेणार असाल, तरच काठी सावकाश फिरवणारी छोटी मोटर परवडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महागड्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. ओला बांबूही सुरक्षित नाही. आपल्या शेतावरून ११ हजार व्होल्टच्या तारा गेलेल्या असतात आणि काठी उगारताना माणसाचे लक्ष पाण्याकडे असते. काठी तारेला नुसती टेकली तरी जीव जातो. तारेखाली गळ टाकू नये, तारेखालून जाताना काठी आडवी धरावी. आभाळ गडगडू लागताच काठी ठेवून पाळीवरून उतरावे व पक्क्या घरात जावे, झाडाखाली उभे राहू नये.

शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर तरंगणीचे माप असे ठेवावे की गळ तळाला टेकणार नाही. गळाला लागलेल्या दोन माशांवरून साऱ्या तळ्याच्या वाढीचा अंदाज बांधू नये. त्यासाठी फेकजाळेच टाकावे. गावतलाव संस्थेला ठेक्याने दिलेला असेल तर आधी संस्थेला विचारावे.

तेव्हा बंधूंनो, आढ्याची काठी आज खाली काढा. ती कुठे मोडली ते पाहा, आणि बाक अखंड ठेवून ती पुन्हा उभी करा.