बॅटरी नवीन, तरी बोट बंद

चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसच्या खिडकीला डोकं टेकवून ऐकत असाल, तर आरामात ऐका, वेळ भरपूर आहे. बाइकवर असाल तर कानातलं आधी काढा. घरी जाऊन ऐका.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ दाखवते, तरी सेल्फ मारला की नुसतं टक-टक होतं, असं का? त्याचं उत्तर मी आज गाडीवर नाही, बोटीवर देणार आहे. कारण हे उत्तर मी स्वतः बोटीवर शिकलो, आणि तेही चुकून.

माझे मामा मावळात राहतात, एका धरणाच्या काठाला. शेती थोडी. शनिवार-रविवारी लोक फिरायला येतात, त्यांना पाण्यात चक्कर मारून आणायची, हा जोडधंदा. फायबरची अठरा फुटी बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट, १२ व्होल्टची बॅटरी. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर बोट पहिल्यांदा पाण्यात घातली आणि इंजिन उठेना. मामांनी मला फोन केला. आता मी कोण? तर चाकणला वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर काम करणारा माणूस. घरच्यांच्या लेखी मोठा इलेक्ट्रिशियन!

मी गेलो. बॅटरी तीन वर्षांची. सेल्फ मारला, टक. पुन्हा मारला, टक. मी मल्टिमीटर लावला, १२.४ आलं. फार वाईट नव्हतं, पण मी काय म्हणालो? "मामा, बॅटरी गेली. नवीन घ्या." मामांनी सात हजाराच्या आसपास मोजले, नवीन बॅटरी आली, मीच बसवली, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. मला चहा मिळाला, भजी मिळाली, मान मिळाला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला निगडीचं एक कुटुंब बोटीत होतं. पाच माणसं, त्यात एक दीड वर्षाचं बाळ. मधोमध गेल्यावर त्यांना फोटो काढायचे होते, म्हणून मामांनी इंजिन बंद केलं. फोटो झाले. सेल्फ मारला. टक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन चालू असतं तर चालूच राहिलं असतं. या इंजिनाची ठिणगी चाकाखालच्या चुंबकातून तयार होते, त्याला बॅटरीचं फारसं काम नाही. बॅटरी लागते ती इंजिन उठवायला. म्हणजे काठावर सगळं ठणठणीत आणि मध्यभागी बंद केलं की अडकलात. रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते, चार पोरं ढकलतात. पाण्यात कोण ढकलणार? वारा बोटीला समोरच्या खडकाळ काठाकडे ढकलत होता. बोटीत वल्हं एकच. अंधार पडायला लागला, बाळ रडायला लागलं. फोनला रेंज येत-जात होती. शेवटी दुसऱ्या एका बोटवाल्याने दोर टाकून ओढून आणलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या बाईंनी काठावर उतरल्यावर मामांकडे ज्या नजरेने बघितलं, ते मामा मला अजून सांगतात.

रात्री फोन आला. मामा ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तू तर म्हनलास बॅटरीच हाय."

दुसऱ्या रविवारी मी परत गेलो, या वेळी डोकं घेऊन. नव्या बॅटरीवर १२.६. एकदम भरलेली. आता गंमत ऐका. मल्टिमीटर लावून ठेवला आणि मामांना म्हटलं, सेल्फ मारा आणि दाबून धरा. आकडा आला ११.४. म्हणजे बॅटरी ताकद देतेय. मग एक काडी स्टार्टरच्या बोल्टवर, दुसरी इंजिनाच्या बॉडीवर. परत सेल्फ. आकडा ७.६.

बॅटरीपाशी ११.४ आणि स्टार्टरपाशी ७.६. मधले ३.८ व्होल्ट कुणी खाल्ले?

शोधायची पद्धत सोपी आहे. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर, सेल्फ मारायचा. ०.३ आलं. ठीक आहे, थोडं जाणारच. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनाच्या बॉडीवर, सेल्फ मारायचा. ३.५! चोर सापडला. अर्थची केबल.

केबल वरून बघितली तर नवीकोरी. थिंबल घट्ट. पण इंजिनाकडच्या टोकाला प्लॅस्टिक दोन इंच सोललं, आणि आत तांबं नव्हतंच. म्हणजे होतं, पण काळं-हिरवं, बोटाने चोळलं की भुकटी.

मी तिथे अर्धा मिनिट गप्प बसलो. कारण कंपनीत मी दिवसभर हेच करतो. थिंबल दाबली की ती ओढून बघायची, किती जोरात ओढल्यावर सुटते ते मोजायचं, एक तार बाहेर राहिली तर अख्खा तुकडा बाद. तिथे जोडावर माझा एवढा संशय, आणि घरच्या बोटीवर मी जोड बघितलाच नाही. सरळ बॅटरीवर नाव घातलं. बॅटरी मोठी असते, समोर दिसते, विकत मिळते. जोड दिसत नाही.

आता हे होतं का? वायर म्हणजे पाण्याचा पाइप समजा. पाइप मधे चिणलाय, पण नळ बंद आहे. नळ बंद असताना दाब दोन्हीकडे सारखाच दिसणार. नळ उघडला, पाणी वाहायला लागलं, की कळतं पलीकडे थेंबथेंब येतंय. मल्टिमीटर नुसता लावला तेव्हा करंट वाहतच नव्हता, म्हणून १२.६. स्टार्टर शंभर अँपिअरच्या आसपास मागतो. त्या सडलेल्या जोडाचा अडथळा ०.०३५ ओहम जरी धरला, तरी शंभर गुणिले ०.०३५ म्हणजे साडेतीन व्होल्ट गेले. आणि हा ०.०३५ तुमच्या चारशे रुपयांच्या मल्टिमीटरला दिसतच नाही. त्याच्या दोन काड्या एकमेकांना टेकवल्या तरी तो ०.२ दाखवतो. कंटिन्युइटीवर ठेवलं तर बीप वाजतो, आपण खूश. बीपवर विश्वास ठेवू नका.

मग नवीन बॅटरीने आधी इंजिन उठलं कसं? मीही हाच विचार केला. बॅटरी बदलताना केबल हलते. हलली की चार तारा परत एकमेकींना टेकतात, काम भागतं, आठवडाभर. गॅरेजमध्ये "बॅटरी बदलली, गाडी नीट झाली" यातल्या कितीतरी गाड्या अशाच नीट झालेल्या असतात.

बोटीवर हे लवकर होतं, कारण ओल. दोरीने जसं तेल चढतं तसं पाणी बारीक तारांमधून प्लॅस्टिकच्या आत चढत जातं. आजीला विचारा, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की काय होतं. कळकतं. इथेही तेच. म्हणून बोटीसाठी जी खास वायर मिळते तिची प्रत्येक तार कथिल चढवलेली असते, चांदीसारखी पांढरी दिसते. कल्हई केलेली वायर म्हणा ना! गाडीची साधी लाल तांब्याची वायर बोटीत घालायची नाही. कोकणात खाऱ्या पाण्यात तर अजिबातच नाही.

मी काय केलं ते सांगतो. आधी मायनस काढली, मग प्लस. नेहमी याच क्रमाने. प्लस आधी काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि बोटीत पेट्रोलची वाफ असते, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बॅटरीची पेटी आधी उघडी ठेवून हवा जाऊ द्या. भोसरीतून कथिलाची केबल आणली, जुनीपेक्षा एक माप जाड. कंपनीतल्या हत्यारासारखं हत्यार घेऊन थिंबल दाबली, हातोडीने ठोकली नाही. आत गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम केली. इंजिनाच्या बॉडीवरचा रंग घासून चकचकीत धातू काढला, बोल्ट कसला, मग वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर. बॅटरीवर हाताने फिरवायचे फुलपाखरू नट होते, ते इंजिनाच्या थरथरीने सैल होतात. फेकून दिले, साधे षटकोनी नट लावले. सगळा खर्च हजाराच्या आत. परत मोजलं, मायनसच्या बाजूला ०.२.

एक गॅरेजवाली खोड मात्र करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग होतंय का" बघायची. व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जळू शकतो. चार्जिंग बघायचं तर इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा आलं पाहिजे. १२.५ वरच अडकलं तर बॅटरीचा दोष नाही, तिला कुणी जेवायलाच घालत नाहीये.

मामांच्या बोटीत आता वल्ही दोन आहेत. इंजिनाच्या झाकणाखाली हाताने ओढून चालू करायची दोरी पहिल्यापासून होती, ती मामांना मी दाखवली. खरं तर आम्ही दोघांनी पहिल्यांदा पाहिली. सुदुंबऱ्याला एनडीआरएफची छावणी आहे ना, त्यांच्या रबरी बोटींची छोटी इंजिनं बहुतेक अशी दोरीवरच उठतात. आता मामा पहिली फेरी सुटण्याआधी काठावर एकदा दोरीने इंजिन चालू करून बघतात. लोकांना वाटतं सेल्फ खराब आहे. वाटू दे.

आणि ती जुनी बॅटरी, जी मी "गेली" म्हणून काढून ठेवली होती? चार्ज केली. गोठ्यात लावलीय, लाइट गेली की तिच्यावर दिवा चालतो. मामा आल्या-गेल्याला आवर्जून दाखवतात आणि माझ्याकडे बघतात.

पुढच्या शनिवारी बिल्ज पंपाबद्दल बोलू. बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा पंप, जो पावसाळ्यात गुपचूप बॅटरी संपवतो. तोपर्यंत तुमच्या बाइकवर तो मायनसवाला आकडा मोजा आणि मला पाठवा. सेल्फ मारताना मोजलेला, बरं का.