परतीच्या वाऱ्याचं शीड



१६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीकाठी शिवरायांच्या आरमाराची पायाभरणी झाली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी शिडांची चर्चा व्हावी, हे रास्तच आहे. पण या संमेलनाच्या अध्यक्षपदाची संधी मी इतिहासात रमण्यासाठी घेणार नाही. आपल्या शिडं शिवण्याच्या धंद्यात रोज विचारला जाणारा आणि रोज घाईत उरकला जाणारा प्रश्न मला मांडायचा आहे: सफरीच्या नौकेला पुढचं शीड केवढं घ्यावं?

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘दीडशे टक्क्यांचा जेनोआ द्या. वारा वाढला की फर्लरवर गुंडाळू.’ जेनोआ म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड, आणि फर्लर म्हणजे ते गुंडाळणारी फिरती नळी. आपणही मान डोलावतो. जरा हिशेब करू. डोलकाठीपासून फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारेच्या, बुडापर्यंत ४ मीटर अंतर आहे आणि शिडाची पुढची कड १२ मीटर आहे, असं धरा. दीडशे टक्के म्हणजे मागच्या कोपऱ्यापासून त्या कडेपर्यंतचं काटकोनातलं अंतर त्या ४ मीटरच्या दीडपट, ६ मीटर. शीड त्रिकोणी, म्हणून गुणाकाराच्या निम्मं कापड ३६ चौरस मीटर. एकशे दहा टक्क्यांना तेच अंतर ४.४ मीटर आणि कापड साधारण २६ चौरस मीटर. हा दहा चौरस मीटरचा फरक सकाळच्या मंद वाऱ्यात हवाहवासा वाटतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तेव्हा तोच फरक विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या चक्रीवर, हात ठेवणाऱ्याच्या खांद्यात उतरतो.

गुंडाळलं की भागतं, हा समजही अर्धाच खरा. गुंडाळलेलं कापड पुढच्या कडेला जाड होतं, शिडाच्या पोटाचा आकार बिघडतो, नौका पुढे जाण्याऐवजी कलते. वर शीटची, म्हणजे शिडाच्या दोराची, गाडी पुढे सरकवायला हवी, ती बहुतेक वेळा विसरली जाते. साधारण तिसरा हिस्सा गुंडाळेपर्यंत शीड शीड राहतं. त्यापुढे ती नुसती वळकटी.

आता आपलं पाणी पाहा. पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावर पहाटे मतलई वाहतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो. मुंबईहून अलिबाग, मुरूडकडे जाताना तो पाठीशी असतो. तेव्हा कुठलंही शीड चालतं. खरी परीक्षा परतताना. वारा तोंडावर, नागमोडी वाटेनं टॅकमागून टॅक, आणि दर टॅकला मोठा जेनोआ डोलकाठीच्या तारांपुढून ओढून आणायचा. त्यात बंदरात नांगरलेली जहाजं, जाळ्यांचे बोये, आणि डेकपर्यंत उतरलेल्या कापडानं झाकलेली वाऱ्याआडची बाजू! म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शीड परतीच्या वाऱ्यावर बेतावं. आपल्याकडच्या बहुतेक नौकांना एकशे दहाच्या आसपासचं, खालची कड थोडी उंच कापलेलं शीड पुरतं. सकाळच्या मंद वाऱ्यासाठी हलकं नायलॉनचं शीड वेगळं ठेवा. मात्र १९७० च्या दशकातल्या, लहान मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आणि डोलकाठीच्या टोकापर्यंत फोरस्टे असलेल्या नौका मुख्यतः पुढच्या शिडावरच चालतात. त्यांना एकशे तीस-पस्तीस द्यावं लागतं, ते नाकारू नये.

गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची नौका ‘तारिणी’ आठवा. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेवरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच. या नौकेवर मेनसेल, पुढची शिडं, पाठच्या वाऱ्याची शिडं, वादळी शीड अशी सहा शिडं आहेत. सगळ्या वाऱ्यांना एकच कापड ताणत बसायचं नाही, हा धडा त्यातून घ्यावा. आणि नौका तीच असली तरी हात किती, हे प्रत्येक सफरीला नव्यानं मोजावं लागतं.

तेव्हा शीड शिवणाऱ्यांना माझी विनंती: टेप काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. नौका नांगरता कुठे? सोबत कोण असतं? त्यातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला विंच एकट्यानं फिरवता येते का? आणि नौकामालकांनो, या प्रश्नांची उत्तरं मित्रांवर छाप पाडण्यासाठी देऊ नका. शिडाचं माप घरी परतण्यासाठी असतं.