बाटली दिली कुणी, ते विचारा

(जुळे सोलापूर येथे महिला गटांच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचत आणि हप्त्यांचं काम उरकल्यावर तुम्ही मला दहा मिनिटं दिलीत. विषय जरा जड आहे, पण आपल्याच घरातला आहे.

मागे एका गटातली ताई बैठक संपल्यावर मागे थांबली. तिचा नववीतला मुलगा मित्रांबरोबर बिअर पिताना पोलिसांना सापडला होता. पोलिसांनी दोन चापट्या मारून बापाला बोलावलं. बापानं घरी नेऊन पट्ट्यानं मारलं. विषय संपला. मी विचारलं, "ताई, बाटली दिली कुणी?" ती म्हणाली, "ते कुणी विचारलंच न्हाई बघा."

आज मला एवढंच सांगायचंय. हा प्रश्न आपण विचारायचा.

आपल्या महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय 21 पूर्ण लागतं. देशी आणि बाकीच्या कडक दारूसाठी 25. आणि 18 वर्षांखालच्या पोराला दारू दिली, तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 लागतं. देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम 78 तर आणखी जवळचं आहे. पोराकडून दारू विकून घेणं, वाहून नेणं, पोचवणं, यालाही तेवढीच शिक्षा आहे. आता सांगा, "जा रे, दुकानातून क्वार्टर घेऊन ये" असं किती घरांत म्हणतात? लाज वाटते, पण खरं आहे. ते आधी थांबवूया.

पुण्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा 17 वर्षांचा होता. त्याआधी तो बारमध्ये बसला होता. पोलिसांनी बारवाल्यांवर आणि मुलाच्या वडिलांवरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा नोंदवला. म्हणजे पोलीस दारू देणाऱ्यापर्यंत जाऊ शकतात. पण त्यासाठी आधी दोन जीव गेले. आपण तोवर थांबायचं का?

मग पोरगं सापडलं तर काय करायचं? नीट ऐका.

पहिलं, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यांनाच भेटायचं म्हणून सांगा. 18 च्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, मारता येत नाही. आईवडिलांना कळवावं लागतं.

दुसरं, वयाचा पुरावा जवळ ठेवा. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, नाहीतर ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला.

तिसरं, दारू कुणी दिली, कुठं, किती वाजता, ते लेखी द्या आणि पोच घ्या. कधी "हा गुन्हा अदखलपात्र आहे" असं उत्तर मिळेल. 2021 साली कायद्यात तसा बदल झालाय. पण अदखलपात्र म्हणजे नोंदच नाही, असं नव्हे. नोंद घ्यावीच लागते, तपासाला फक्त दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दुकान परवान्याचं असेल तर तोच अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्या, कारण परवाना त्यांच्या हातात असतो. विनापरवाना विक्री असेल, तर तो दारूबंदी कायद्याखाली वेगळाच गुन्हा आहे.

चौथं, तातडीला 112, आणि मुलांच्या मदतीला 1098. पोराला सवयच लागली असेल, तर बालकल्याण समिती समुपदेशनाची सोय करू शकते. ती शिक्षा नाही.

पोलीस म्हणजे फक्त धाड, असंही समजू नका. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्ट्यांवर कारवाई तर झालीच, पण भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळावा म्हणून पोलीसच मागे लागले. चांगला अधिकारी असला की असं होतं. आणि नसला, तर आपला लेखी अर्ज कामाला येतो.

त्या ताईला मी परत भेटले. पोरगं मान खाली घालून बसलं होतं. त्याला रागावलो नाही. नुसतं विचारलं, तर दुकानाचं नाव त्यानंच सांगितलं. आईच्या हातानं अर्ज लिहिला, खाली गटातल्या अकरा जणींच्या सह्या झाल्या. एकटीच्या अर्जाला भीती वाटते, अकरा जणींच्या अर्जाला वाटत नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. अर्जाचा नमुना मी घेऊन येते.