पाना कुणाच्या हातात?

(भंडारा जिल्ह्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक आणि महिला’ असा विषय छापला आहे. तो वाचून मलाच जरा धडकी भरली. मी संगणकातली तज्ज्ञ नाही. नागपूरला एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली अकरा वर्षं भंडारा, मोहाडी, तुमसर या तालुक्यांत कौटुंबिक हिंसेच्या केसेसचं काम करते आहे. संगणक कसा चालतो यापेक्षा तो बंद पडला की काय होतं, याचाच अनुभव माझ्याकडे जास्त आहे. त्याबद्दलच बोलते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या केंद्रावर एक बाई येत होती. नाव सांगत नाही, गावही नाही. ती माहेरी आली होती आणि नवरा रात्री-बेरात्री फोन करून धमक्या देत होता. तिने त्या धमक्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केल्या. आम्ही त्या केंद्राच्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, जखमांचे फोटोही ठेवले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज टाकला. मधल्या काळात नवऱ्याने भर बाजारात तिचा मोबाइल हिसकावला आणि दगडाने ठेचला. त्याला वाटलं, पुरावा संपला. आम्ही तिला म्हटलं, घाबरू नको, लॅपटॉपमध्ये सगळं आहे. तारखेच्या नऊ दिवस आधी लॅपटॉप बंद पडला.

दुसरी प्रत काढून ठेवलेली नव्हती. ती चूक माझी, ती कुणावर ढकलत नाही. पण पुढे जे झालं ते नुसत्या चुकीमुळे झालं नाही.

आमच्याकडे आधी एक जुना डबा होता, टेबलाखाली ठेवायचा, घरघर करणारा. त्याचा पॉवर सप्लाय एकदा जळला. तेव्हा दुकानदाराने चार स्क्रू काढले, आतली डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या डब्यात बसवली, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही कामाला लागलो. हा लॅपटॉप मात्र देणगीत मिळालेला, वहीसारखा पातळ. मिळाला तेव्हा आम्ही त्याचे फोटो काढले होते. त्यात काढण्यासारखी डिस्कच नाही! माहिती साठवणाऱ्या चिपा मुख्य बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेल्या. बोर्ड मेला की त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटांत सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही. खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त. आणि वर, ‘पासवर्ड लिहून द्या, मशीन ठेवून जा.’ त्या लॅपटॉपमध्ये चाळीसेक बायांचे जबाब होते. कुणाचे गर्भपाताचे कागद, कुणाचे उघड्या पाठीवरच्या वळांचे फोटो. पासवर्ड लिहून द्यायचा कुणाला? काचेमागे काय होतं ते बघायला बसू देत नाहीत. मी तशीच परत आले.

मग भंडाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. तो भाऊ भिंग लावून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, ‘ताई, बिमारी मले दिसते. चार्जिंगच्या जवळ कुठंतरी शॉर्ट आहे. पन ह्या बोर्डाचा नकाशा माझ्याजवळ नाई. कंपनी देत नाई.’ हात त्याचे कसबी, अवजारं त्याच्याकडे होती, पण नकाशा कंपनीच्या कुलपात. शेवटी त्याने नागपूरच्या दुसऱ्या मेकॅनिककडून कुठूनशी फिरत आलेली नकाशाची प्रत मिळवली. त्यात बरेच दिवस गेले. मोहरीच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर जळला होता. तो काढल्यावर लॅपटॉप सुरू झाला. मी दिवसभर त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं आणि मगच चहा घेतला.

पण तोवर तारीख निघून गेली होती. अंतरिम आदेश दीड महिन्याने मिळाला. कोर्टात तारखा पडतातच, त्यात काय, असं कुणी म्हणेल. त्या दीड महिन्यात नवरा दोनदा रात्री तिच्या भावाच्या दारात येऊन गेला. भावजय म्हणाली, आता आमच्याने होत नाही. ती बाई मला विचारायची, ‘माझं बोलनं त्या डब्यातच अडकलं का जी?’ मी काय उत्तर देणार?

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले. आणि मला पहिल्यांदा आठवला तो हातपंप.

आपल्यातल्या बहुतेकजणींनी हातपंपाचं पाणी भरलं आहे. तो पंप कुठून आला माहीत आहे? त्याची मुळं मराठवाड्यात आणि सोलापुरात आहेत. १९६०च्या दशकात परदेशातून आलेले बिडाचे पंप खेड्यात पटापट मोडत होते, कारण ते एका घरासाठी बनवलेले आणि इथे अख्खं गाव त्यावर. जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादाचा पंप तयार केला, सोलापूरला त्यात सुधारणा झाली. पुढे युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास या कारखान्याने त्यावरून ‘इंडिया मार्क टू’ बनवला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. त्याची मापं भारतीय मानक म्हणून १९७९ साली छापली गेली. त्यामुळे अनेक कारखाने तोच पंप बनवू लागले, आणि एका कारखान्याची साखळी दुसऱ्याच्या पंपाला बसू लागली.

तरी एक खोट राहिली होती. खालचा दट्ट्या बिघडला की सगळे नळ वर ओढावे लागत, त्यासाठी गाडी आणि गडीमाणसं हवीत. बायांना पंधरा-पंधरा दिवस वाट बघावी लागे. म्हणून नंतर ‘मार्क थ्री’ आला. त्यात नळ तसाच ठेवून दट्ट्या वरूनच काढता येतो. म्हणजे दुरुस्ती कोण करणार, याचा विचार आराखडा काढतानाच केला. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९०नंतरच्या वर्षांत महिला समाख्येच्या कामातून दलित आणि कोल आदिवासी बाया हातपंपाच्या मेकॅनिक झाल्या. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्यांच्याच हातून गावाला पाणी मिळू लागलं. पुढे वनांगना संघटना झाली, ती याच बायांतून. त्यांच्या धाडसाबद्दल आपण नेहमी बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्या पंपाचं काम उघडं होतं, सुटे भाग ठरलेल्या मापाचे होते, ही गोष्ट आपल्या बोलण्यातून सुटून जाते.

संगणकातही अशी वेळ आली होती. आय.बी.एम.ने १९८१ साली आपला पी.सी. काढला तेव्हा त्याच्या माहितीपुस्तकात सर्किटचे नकाशे छापलेले होते. त्यावरून शेकडो कंपन्यांनी तसेच संगणक बनवले, किमती उतरल्या, सुटे भाग गल्लीत मिळू लागले. टेबलाखालचा आमचा डबा त्याच खानदानातला. त्यानंतर वारं उलटं फिरलं. बॅटरी गोंदाने चिकटवायची, मेमरी डाख देऊन पक्की करायची, स्क्रूचं डोकं असं करायचं की बाजारातला पेचकस लागू नये. काही फोनमध्ये तर अस्सल सुटा भाग दुसऱ्या अस्सल फोनमधून काढून लावला तरी फोन तो ओळखायला नकार देतो! सोयरीक कंपनीनेच जुळवायची. आणि यंत्र धड असलं तरी सॉफ्टवेअर त्याला म्हातारं ठरवतं. विंडोज १०ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या, आणि पुढचं विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर रीतसर बसतच नाही. कितीतरी संस्थांचे चालते संगणक अशा रीतीने निकालात निघाले.

याचा भार कुणावर पडतो ते अंगणवाडीसेविकांना विचारा. इथे बसलेल्या सेविकाताईंना मी काय सांगणार! सरकारने फोन दिले, २ जी.बी. रॅमचे. त्यावर सगळी नोंदणी करायची. फोन तापायचे, अडकायचे, हमीची मुदत संपली, आणि दुरुस्तीचा खर्च मानधनातून. पोषण ट्रॅकर आला तो त्या फोनला झेपेना, शिवाय इंग्रजीत. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ‘ठेवा तुमचा डबा जी, आमाले रजिस्टरच बरं,’ असं एक ताई मला म्हणाल्या होत्या. बाहेरच्यांना वाटलं, बायांना तंत्रज्ञान नको आहे. मला तसं वाटत नाही. जे यंत्र उघडता येत नाही, ज्याचा बिघाड आपल्या माथी आणि किल्ली दुसऱ्याकडे, ते त्यांनी परत केलं. दुरुस्तीच्या हक्काचं इतकं मोठं आंदोलन आपल्या राज्यात बायांनी केलं, आणि त्याला ते नाव कुणी दिलं नाही.

दुसरी वाट आहे का? आहे, पण सरळ नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात या वाडीतल्या शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाला एक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला होता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भारतातला प्रयोग. तो लॅपटॉप मुलांनी स्वतः उघडावा असाच घडवला होता. साधा पेचकस पुरे, आणि हरवले तर असावेत म्हणून जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले. सॉफ्टवेअर खुलं. तरीसुद्धा त्यातल्या वायरलेस चिपचा प्रोग्रॅम चिप बनवणाऱ्या कंपनीने बंदच ठेवला होता. आणि हेही सांगते, केंद्र सरकारने २००६ सालीच ही योजना नाकारली होती, आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत म्हणून. ते कारण मला आजही पटतं. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘सिम्प्युटर’ काढला, त्याचा आराखडा खुल्या परवान्याखाली दिला; २००४ साली बाजारात आला, चालला नाही. नुसतं खुलं असून भागत नाही, वापरणारीला ते हवंही असावं लागतं.

आज फ्रेमवर्क नावाची कंपनी २०२१पासून असा लॅपटॉप विकते की त्याचा प्रत्येक भाग घरी बदलता येतो. भंडाऱ्याच्या बाजारात तो मिळायचा नाही. पण तसं करणं अशक्य नाही, एवढं त्यावरून सिद्ध झालं. मद्रासच्या आय.आय.टी.त ‘शक्ती’ आणि सी-डॅकमध्ये ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर तयार झाले आहेत. कायद्याच्या बाजूने, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२मध्ये पोर्टल सुरू केलं. कुठली वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण खोक्यावर छापावेत, यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये असे गुण २०२१पासून लावतात. या समित्यांपुढे कंपन्या बोलतात, ग्राहक संघटना बोलतात. महिला संघटनांचं निवेदन गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आपण पाठवायला हवं, आणि त्यात पैशाबरोबर गुप्ततेचा मुद्दाही घालायला हवा. डिस्क काढता आली तर बाई ती पदराखाली घालून घरी नेईल आणि रिकामं मशीन दुरुस्तीला देईल. आज ती आपले फोटो, आपलं बोलणं, सगळं अनोळखी माणसाच्या हातात देऊन येते. त्यावरून पुढे काय काय होतं ते आपण केसेसमधून बघतोच.

भंडारा हे पितळेचं गाव. आईच्या लग्नातली घागर पिचली तर कासाराकडे सांधायला जाते, अगदीच गेली तर मोडीत तिची किंमत येते. आपण लॅपटॉप घेतो तेव्हा तो कुठल्या कामाला येईल हे विचारतो. मोडल्यावर काय, हे घागर घेताना आपल्या आया विचारत होत्या.

आमच्या केंद्रात आता काय केलं ते सांगते आणि थांबते. देणगी देणाऱ्यांना आम्ही लेखी कळवलं: ज्याची डिस्क, मेमरी आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येत नाही, ते मशीन आम्ही घेणार नाही. एक संस्था नाराज झाली, एकीने चौकशी करून दुसरं दिलं. निकालात काढलेले दोन जुने डबे आणले, त्यांवर लिनक्स बसवलं. मराठी नीट दिसतं, पत्रं आणि तक्ते होतात. प्रिंटरने मात्र आठवडाभर रडवलं, तेही सांगायला हवं. सगळ्या केसेसची कुलूपबंद प्रत दोन वेगळ्या डिस्कवर असते. दुकानदार भाऊ दर सोमवारी दुपारी केंद्रात येतो आणि पाच मुलींना शिकवतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, ‘पोरी डाख देतीन का?’ आता त्यातल्या एकीचा हात त्याच्याहून स्थिर आहे, असं तोच म्हणतो. येत्या सोमवारी त्या बंद पडलेले मोबाइल चार्जर उघडणार आहेत. तुमच्या घरी असतील तर फेकू नका, पिशवीत घालून पाठवून द्या.